नऊ खोल्यांचे अहो

परवा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका बाईंनी तासभर भाषण केलं. विषय काय, तर पुरुषाची ताकद आणि स्त्रीची ताकद. पुरुष म्हणे कणखर आणि बाई म्हणे सोशिक. मी पुढच्याच खुर्चीत होते, दोनदा चांगली तोंड भरून जांभई दिली. सोशिक म्हणे! मला माईक दिला असता तर मी फक्त श्रीयुत अहोंची हकिकत सांगितली असती आणि गप खाली बसले असते. पण म्हातारीच्या हातात माईक देतंय कोण? म्हणून इथे लिहिते.

तेव्हा पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. चिंचवड स्टेशनापलीकडे नुसतं माळरान होतं, बाभळी होत्या, आणि त्या बाभळींत एक कारखाना उभा राहिला होता, कुलपांचा. आमचे हे तिथे फिटर. दिवसभर जगाला कुलपं पुरवायची आणि घरी आल्यावर स्वतःच्या पेटीची किल्ली शोधत चाळभर हिंडायचं, असा त्यांचा दिनक्रम होता.

त्याआधी आम्ही देहूरोडला ह्यांच्या चुलत्यांकडे राहायचो. राहायचो म्हणजे काय, त्यांच्या अर्ध्या पडवीत गोणपाटाचा पडदा लावून. पडद्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे चुलतसासऱ्यांची खाट, आणि त्यांना खोकला. लग्नाचं पहिलं वर्ष मी कुजबुजत काढलं. मग कारखान्याने कामगारांसाठी बैठी चाळ बांधली, अकरा खोल्यांची, आणि चार नंबरची खोली आम्हाला मिळाली. सामान टाकलं, ह्यांना बाहेर पाठवलं, दार लावलं आणि मी मोठ्यांदा ओरडले. काय ओरडले म्हणाल तर काही नाही, नुसतंच "आऽऽ!" एक नंबरातल्या मावशी लाटणं घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं साप निघाला. मी म्हटलं, "मावशी, साप नाही, खोली माझी आहे." त्या कोकणातल्या, त्यांनी कपाळाला हात लावला आणि माझ्याच चुलीवर चहा टाकला.

चाळीत सगळीकडची माणसं. आम्ही साताऱ्याकडचे. सात नंबरात माणची एक दणकट बाई, तिचं माण म्हणजे साताऱ्यातलं नव्हे, इथून जवळचंच गाव, त्यामुळे बाकी सगळे तिच्या लेखी पाहुणे. अकरा नंबरात भाभी, त्यांचे मियाँ कारखान्यातच मेकॅनिक. अकरा घरांत मिळून एक नळ. त्या नळावर आम्हा बायकांचं सगळं राजकारण चालायचं.

एका सकाळी, पुरुष पहिल्या पाळीला गेलेले असताना, कारखान्याचा नवा कारकून वही घेऊन चाळीत आला. पार दक्षिणेकडचा मुलगा, अगदी नाकासमोर चालणारा, सज्जन, पण लग्न न झालेला. तिथेच घात झाला. कंपनीच्या कानावर गेलं होतं की काही कामगार खोली स्वतःच्या नावावर घेतात आणि आत भलत्यालाच ठेवतात. म्हणून प्रत्येक घरातल्या बाईलाच विचारायचं, बाई, तुझा नवरा कोण? म्हणजे खरं काय ते कळेल. साहेबाला वाटलं, सोपं काम.

पहिल्या खोलीत मावशी. कारकुनाने विचारलं, "आदमी का नाम?"

"इश्श!" म्हणून मावशींनी पदर तोंडाला लावला.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही, असा तो काळ. नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे बाळकडू आम्हा सगळ्यांना पाजलेलं. कारकुनाने तीनदा विचारलं, मावशी तीनदा लाजल्या. बावन्न वर्षांची बाई, पण लाजली म्हणजे काय लाजली! शेवटी तो घामाघूम होऊन आपल्या हिंदीत म्हणाला, "तुम आदमी को क्या बोलता?"

"अहो," मावशी म्हणाल्या.

खरं तेच सांगितलं हो! त्याने लिहून घेतलं.

दुसऱ्या खोलीत अहो. तिसऱ्या खोलीत अहो. चौथी माझी. मीही इमानदारीने "अहो" म्हटलं. त्याने वहीतून मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, मला सातवा लागला होता, मग पहिल्या तीन दारांकडे, आणि तोंडाचा चंबू केला. मला वाटलं बिचाऱ्याला ऊन लागलं. मी त्याला तांब्याभर पाणी दिलं. माणच्या बाईने तिच्या पद्धतीने "आवो" सांगितलं, त्याने आवो लिहिलं. भाभींनी "अजी" सांगितलं, त्याने अजी लिहिलं. बाकी सगळ्या घरांत अहो. पोरगा परत जाताना वळून वळून चाळीकडे बघत होता.

चार दिवसांनी कारखान्याच्या फाटकावर इंग्रजीत नोटीस लागली. स्टोअरमधल्या एका मॅट्रिक झालेल्याने ती वाचून मराठीत सांगितली. श्री. अहो नावाच्या इसमाने कंपनीच्या नऊ खोल्या बळकावल्या असून त्यांत नऊ बायका ठेवल्या आहेत. त्याने आठ दिवसांत एक बायको आणि एक खोली राखून बाकीच्या आठ खोल्या रिकाम्या कराव्यात, नाहीतर कंपनी कुलूप ठोकील. कुलूप तरी कुणाचं? आमच्याच नवऱ्यांनी घासून घासून बनवलेलं.

त्यातून श्री. आवो आणि श्री. अजी हे दोन निर्मळ गृहस्थ सुटले होते. माणची बाई त्या दिवसापासून नळावर आमच्याकडे नाक वर करूनच बघायची. "आमच्यात तसलं न्हाई," म्हणायची.

आता पुरुषांची ताकद बघा. नोटीस वाचून आमच्या नऊ पुरुषांचं रक्त उसळलं. कुणावर? अहोवर! "हा कोण राव अहो? आम्हाला एक खोली मिळता मिळता वहाणा झिजल्या आणि हा नऊ घेऊन बसलाय?" जेवायच्या सुट्टीत त्यांनी अख्खा कारखाना पालथा घातला. भट्टीखातं बघितलं, मुलामा देतात ती खोली बघितली, पॅकिंगमधल्या एका सरळमार्गी माणसाला गचांडी धरून विचारलं, तूच का तो अहो? दोन नंबरातले भाऊ तर छातीठोक सांगत होते की त्यांनी अहोला पाहिलाय. उंच आहे, सोन्याचा दात आहे, आणि रात्रपाळीला असतो म्हणून कुणाला दिसत नाही.

आमचे हे एरवी दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारे. त्या दुपारी पाळी संपवून आले ते दारातूनच गरजत आले. सगळी नोटीस मला ऐकवली. मला अर्ध्यातच कळलं. माझ्या हातातली परात खाली पडली.

"अहो," मी म्हटलं.

"त्याचं नाव काढू नकोस माझ्यासमोर!"

"अहो, तसं नाही. अहो..."

"पुन्हा तेच!"

शेवटी मी त्यांच्या छातीवर बोट टेकवलं. "तुम्ही. अहो म्हणजे तुम्ही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग घाबऱ्याघुबऱ्या आवाजात म्हणाले, "मला नऊ बायका?"

"एक सांभाळा आधी," मी म्हटलं, आणि हसायला लागले. हसता हसता पोट आवळून आलं, खाली बसले, आणि मग एकदम रडूच कोसळलं. कारण ती परात उचलायला वाकले तेव्हा मला डोळ्यांसमोर तो गोणपाटाचा पडदा दिसला. खोली गेली तर दोन महिन्यांनी माझं बाळंतपण त्या पडद्याआड, खोकणाऱ्या चुलतसासऱ्यांच्या खाटेपासून तीन हातांवर. मी ह्यांना सांगून टाकलं, "काही करा. मी त्या पडवीत परत जायची नाही. मेले तरी जायची नाही." दहा शब्द त्यांचे केव्हाच संपले होते.

नळावर गेले तर तिथे सगळ्या बायकांना सगळं कळलेलं होतं. पुरुषांना कळायला मात्र तीन दिवस लागले. दोन नंबरातले भाऊ तर शेवटपर्यंत मानायला तयार नव्हते, सोन्याचा दात त्यांनी स्वतः पाहिला होता ना! कळल्यावर पुरुषांनी काय केलं, तर सभा घेतली. अर्ज लिहायचा ठरलं. 'मेहेरबान साहेब' लिहायचं की 'माननीय साहेब', यावर एक दिवस गेला. अर्जात खरं कारण लिहायला कुणी धजेना. आमच्या बायका नाव घेत नाहीत असं लिहिलं तर गोरा साहेब हसेल म्हणे. स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली तरी आमच्या कारखान्यात एक गोरा साहेब शिल्लक होता. मग त्यांनी अर्जात लिहिलं की 'गैरसमज दूर व्हावा.' कुठला गैरसमज, ते लिहिलंच नाही! आम्हाला सगळं कळत होतं, पण एक शब्द बोलता येत नव्हता. त्यांना हवं ते बोलता येत होतं, पण कळायला उशीर. असे आमचे अकरा संसार होते, आणि चालले होते ते याच दोन चाकांवर.

शेवटी सहाव्या दिवशी मावशीच उठल्या आणि कारकुनासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हातवारे करून, हिंदीची हाडं मोडून, त्यांनी त्याला अहो म्हणजे काय ते समजावलं. पोरगा कानशिलापर्यंत लाल झाला. हात जोडून साहेबाकडे धावला. साहेबाने ऐकून घेतलं आणि निकाल दिला, ठीक आहे, अहो हे नाव नाही. मग खरं नाव काय? उद्या सकाळी नऊ बायकांनी नऊ नवऱ्यांसकट ऑफिसात यावं, प्रत्येकीने आपल्या तोंडाने नवऱ्याचं नाव सांगावं, ते कार्डाशी जुळलं की खोली कायम. यात अवघड ते काय? त्याची मडम त्याला दिवसातून पन्नास वेळा नावाने हाक मारते.

"तरीच मेला एवढा वाळलाय," मावशी म्हणाल्या.

मग ठरलं की उखाणे घ्यायचे. उखाण्यात नाव चालतं, त्याने आयुष्य घटत नाही. दुसऱ्या दिवशी नऊ जणी ठेवणीतली लुगडी नेसून, कुंकू लावून निघालो. माणची बाई वेशीपर्यंत पोचवायला आल्यासारखी ओट्यावर उभी होती. एकदम म्हणाली, "भिऊ नगा गं. खोल्या गेल्या तर समद्या माझ्याकडं ऱ्हावा." तिच्या तोंडून तेवढं ऐकलं आणि माझे डोळे भरून आले.

ऑफिसात साहेब टेबलामागे, बाजूला कारकून. आम्ही एका भिंतीला, पुरुष दुसऱ्या भिंतीला, लग्नाच्या मांडवात वरपक्ष आणि वधूपक्ष उभे असावेत तसे. मावशी पुढे झाल्या, खाकरल्या आणि म्हणाल्या,

"कुलपं करतात शंभर, किल्ली हरवतात रोज,
अमुकरावांचं नाव घेते, साहेबांना वाटते मौज."

अमुकरावांच्या जागी खरं नाव होतं, ते तुम्ही मनात घाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. कारकुनाने इमानदारीने शब्दन् शब्द इंग्रजीत केला. साहेबाला त्यातलं नाव ऐकूच आलं नाही. त्याला ऐकू आलं ते भलतंच. तो ताडकन उभा राहिला. कोण? कोण माझ्या कारखान्यातल्या किल्ल्या रोज हरवतं? मावशींच्या नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. पाच मिनिटं त्या किल्ल्यांचीच चौकशी चालली. मग साहेबाने टेबलावर हात आपटून सांगितलं, कविता नको. फक्त नाव. सरळ नाव.

मावशी मागे सरकल्या. दुसरी जमिनीकडे बघत राहिली, तिसरी पदराची गाठ मारत आणि सोडत राहिली. मी सकाळपासून मनात घोकत होते, घ्यायचं, एकदा नाव घ्यायचं आणि खोली वाचवायची. तोंड उघडलं. तेवढ्यात पोटात बाळाने लाथ मारली. झालं, मेलं माझं सगळं बळ तिथेच गेलं! खरंच ह्यांना काही झालं तर? खोली घेऊन काय करू मी? तोंड तसंच उघडं राहिलं आणि शब्द काही फुटेना.

साहेबाने वहीकडे हात नेला. आणि आमचे हे, दिवसाला दहा शब्दांचे, भिंतीपासून पुढे आले.

"साहेबांना सांगा," ते कारकुनाला म्हणाले, "आम्हा पुरुषांना बाहेर काढा. दार लावा. मग एकेकीला हाक मारायला सांगा. नुसतं अहो म्हणू दे. जिचा नवरा असेल तोच आत येईल. चुकीचा आला तर खोल्या घ्या."

कारकुनाने सांगितल्यावर साहेब खुर्चीत मागे रेलून हसला. खेळ म्हटलं की त्या लोकांना मोह आवरत नाही. नऊ पुरुष बाहेर गेले. दार लागलं. बाहेर लगेच पत्रा कापायची यंत्रं, धडाड धडाड, बोललेलं शेजारच्याला ऐकू येऊ नये असा तो गोंगाट. हे काय बोलून बसले हे?

मावशींनी हाक मारली, "अहो!"

दार उघडलं आणि त्यांचेच ते आत आले. कारकुनाने कार्ड बघितलं, मान डोलावली. दुसरी म्हणाली, "अहो." तिचेच आले, तेच सोन्याच्या दाताचे साक्षीदार. साहेब आता टेबलावर कोपर टेकून पुढे झुकला. तिसरीला त्याने खूण केली, हळू बोल. ती बिचारी पुटपुटल्यासारखी "अहो" म्हणाली. आम्हाला आत नीट ऐकू आलं नाही, पण दार उघडलं आणि तिचा नवरा आत आला. कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. ज्यांना आपलंच वर्णन नोटिशीत वाचून कळलं नव्हतं, तीच ही माणसं. पण दाराआडून, त्या धडाडधुममधून, नऊ अहोंतला आपला अहो त्यांना कळत होता. आम्ही बायका जगाच्या गोष्टी चटकन ओळखतो म्हणून मिरवतो, पण हे आमच्यापैकी कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही.

आता माझी पाळी. मी दाराकडे तोंड केलं आणि आवाजच निघेना. हे धरून सहा जण अजून बाहेर. माझ्यामुळे सगळ्यांचं बिनसलं तर? खोली, पडदा, खोकला, बाळ, सगळं एकदम डोळ्यांसमोर. मी पदर तोंडात कोंबला. एक हुंदका आला, तोही गिळला.

दार उघडलं. हे आत आले.

"अभी बुलाया नहीं!" कारकून ओरडला. "उसने बुलाया नहीं!"

"रडतीय ना ती," हे म्हणाले.

एवढंच. जणू काही यात न कळण्यासारखं काय आहे! कारकुनाने इंग्रजीत सांगितलं. साहेबाने उरलेल्या पाच जणींना हाक मारायला लावलीच नाही. टेबलावरची नोटीस उचलली, तिच्यावर आडवी रेघ ओढली आणि खाली सही केली. नऊच्या नऊ खोल्या कायम. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मावशींनी तर कारकुनाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

तो पोरगा लाजत वही उघडून बसला आणि म्हणाला की आता नावं कार्डावरूनच उतरवतो, माताजी, तुम्ही कुणी घेऊ नका.

आता घ्यायची काही गरजच नव्हती. खोली मिळाली होती. पण मला काय झालं कोण जाणे. पोटात बाळ नाचत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, समोर हे उभे होते, हाताला ग्रीस लागलेले, आपण काही केलंय याचा पत्ताही नसलेले. आणि मी घेतलं. उखाणा नाही, राव नाही, काही नाही. ह्यांच्या डोळ्यांत बघून, चांगलं खणखणीत, त्यांचं नाव घेतलं. आठ जणींनी एकदम "अगो बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवले. बाहेरची यंत्रंसुद्धा मला वाटतं क्षणभर थांबली.

हे मानेपासून कपाळापर्यंत लाल झाले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "अगं, हळू. लोक आहेत."